पापुद्रा

शाळेत मी मुलांना कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला 'बाह्यत्वचा' म्हणायला शिकवते. घरी मात्र आईचाच शब्द चालतो, पापुद्रा. भाकरीचा तसा कातडीचा. बोट भाजलं की ती म्हणायची, "पापुद्राच गेलाय, येतोय पुन्हा."

बजाजनगरात तिची कामगारांसाठी खानावळ होती. रोज ज्वारीच्या शंभरेक भाकरी. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची. उलथनं म्हणजे तिला नवशिक्यांचं काम वाटे. लहानपणी शाळेतून आले की मी पाठ खाजवून घ्यायला तिच्याकडे पाठ करून बसायची. ती नुसता तळहात फिरवायची, नखांची गरजच नव्हती. तसं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही.

खानावळ बंद झाली तरी शेजारच्या चार घरांच्या भाकरी तिच्याकडेच असत. मागच्या वर्षी आधारच्या कामासाठी तिला शहागंजात नेलं, तर यंत्र एकाही बोटाचा ठसा घेईना. तिथली बाई म्हणाली, "मावशी, बोटं पार घासलीत. काही महिने आराम द्या."

आई हसली. "व्हय, मी हाय का नाय, हे आता मशीन सांगणार!"

मला मात्र ते लागलं. तिला माझ्याकडे आणलं, भाकरीला बाई लावली आणि रोज संध्याकाळी तिच्या हातांना खोबरेल चोळायला बसले. "म्हातारपणी नवरी करती का मला?" ती कुरकुरायची. मी ऐकते कुठली! विज्ञानाची बाई ना मी, दीडशहाणी.

तीन महिन्यांनी पहिल्याच खेपेला दहाही ठसे उमटले. मी तिथंच टाळी वाजवली.

घरी आलो. घामोळ्यांनी पाठ खाजत होती, म्हणून कित्येक वर्षांनी तिच्याकडे पाठ करून बसले. हात फिरला. मऊ, गुळगुळीत, कुणा परक्या बाईचा असावा तसा. "जोरात गं," मी म्हणाले. तिनं नखं लावली. मला रडू आलं. मला तो खरखरीत हात हवा होता आणि मीच तो चोळून चोळून घालवला होता.

"आई, उद्यापासून भाकरी तूच कर," मी म्हणाले. ती एवढी खूश झाली की सकाळी माझ्याआधी उठून पीठ मळायला बसली. पहिली भाकरी तव्यावर पडली, तिनं बोटं पुढं केली आणि झटकन मागं घेतली. पुन्हा एकदा केली.

मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "उलथनं कुठं ठिवलंय गं?"