आधी गावाचं कालवण

धरणातला मासा आधी गावाच्या कालवणाला, मग ठेकेदाराला, हा हक्क यादवरावांनी वीस वर्षं भांडून मिळवला होता. मुलाकडे हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला आल्यावर त्यांनी कालव्यात गळ टाकला आणि मासा लागताच सवयीने त्याचं डोकं दगडावर आपटलं. शेजारचा डच गळवाला किंचाळलाच.

लोकेश ओशाळून म्हणाला, "बाबा, इथे मासा पकडून परत सोडतात."

"खायचा नाही, तर छळायचा कशाला?"

लोकेशने त्या माणसाची माफी मागितली, मासा कचऱ्यात टाकला.

घरी यादवरावांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, माशाचा मसाला वाटून ठेवला होता. त्यांनी त्यात बटाटे सोडले.

"आई, अगदी धरणावरच्या कालवणाची चव!" लोकेश भुरका मारत म्हणाला.

यादवराव ताटावरून उठले.