श्रीधरच्या पेशी

“सुटली बिचारी,” वसुधा गेल्याचं तिच्या थोरल्या भावाने, दिनकररावांनी, फोनवर मला असं कळवलं. मग आपण तिच्यासाठी काय काय केलं ते बराच वेळ सांगत राहिले. त्याला आता दीड महिना झाला. त्यांनी काय केलं होतं ते मला, पनवेलच्या शाळेत तिच्याबरोबर शिकवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, पुरेपूर ठाऊक होतं.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला वसुधाला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांचं रक्त तपासायला सांगितलं. ज्याचं जुळेल त्याची अस्थिमज्जा तिला देता येणार होती. दिनकररावांना नेमकी तेव्हाच दुकानातून सवड मिळेना. मग त्यांचा रक्तदाब वाढला, मग ज्योतिषाने प्रवास वर्ज्य सांगितला... पनवेल ते मुंबई एवढा प्रवास. धाकटा श्रीधर रजा टाकून गेला. त्याचं जुळलं, त्याने मज्जा दिली.

कर्करोग गेला. पण काही महिन्यांनी वसुधाची कातडी काळवंडून ताठ होऊ लागली. बोटं मिटेनात, तोंड आणि डोळे कोरडे पडले. डॉक्टरांनी समजावलं, की श्रीधरच्या मज्जेतून तयार होणाऱ्या, एरवी रोगाशी लढणाऱ्या पेशींना तिचं शरीर परकं वाटतंय. त्या तिच्या शरीरावरच तुटून पडतायत. त्यांना आवरायची औषधं घ्यावीत, तर साध्या तापाशी लढायलाही अंगात कोणी उरत नाही. नातेवाइकांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. भावाचं रक्त बाधलं, असं ठरलं. एक मावशी दारातूनच चौकशी करून, पाण्यालाही न शिवता परतली. दिनकररावांनी हे रक्त बाधल्याचं प्रकरण पळस्प्यापासून उरणपर्यंतच्या सोयऱ्यांत पोचवलं आणि श्रीधरला तोंडावर सांगितलं, की तूच तिला खातोयस. तो बहिणीकडे येईनासा झाला.

हे कळलं तशी वसुधा डोक्यावरून पदर घेऊन भर उन्हात रिक्षाने थोरल्याकडे गेली. मी सोबत होते. घोटघोट पाणी पीत ती शांतपणे बोलली.

“दादा, श्रीधरच्या पेशी मला ओळखत नाहीत, म्हणून मारतात. तरी कर्करोग त्यांनी जवळ येऊ दिला नाही. तू तर मला जन्मापासून ओळखतोस.”

दिनकरराव चहाचं सांगायला आत गेले. आम्ही चहाला थांबलो नाही. तिथून ती सरळ श्रीधरकडे गेली आणि पुढे न्यूमोनियाने नेईपर्यंत रोज दुपारी त्याच्याकडेच जेवली.

तेराव्याला दिनकरराव भावाबहिणीच्या मायेवर बोलले. बोलताना त्यांना गहिवरूनही आलं. लोकांनी मान डोलावली. राग धरण्याइतकीही या माणसाची लायकी मला वाटली नाही.

परवा श्रीधरकडे गेले होते. त्याची बायको सुनंदा आमटी करत होती. वसुधाच्या तोंडात सतत फोड असत, तिखटाचा कण सोसत नसे. सुनंदाने मसाला घालण्याआधी सवयीने एक वाटी आमटी बाजूला काढली आणि तिचा हात थांबला... रोज असंच होतं, म्हणाली. ती वाटी तिने श्रीधरच्या पानात ठेवली. त्याने ती भातावर ओतून घेतली.