केशोरीतली ज्वारीची भाकरी

सोलापूरहून निघताना बायकोने बजावलं होतं, "लोकांच्या घरी जेवताना तोंड वेडंवाकडं करायचं नाही." मी रीतसर शब्द दिला. गोंदियाहून पॅसेंजर धरून अर्जुनीला उतरलो तेव्हा मनात एकच आस होती: नव्या धानाचा भात आणि बोडीतली (लहान तळ्यातली) ताजी मासोळी. आमच्याकडे भात म्हणजे जेवण संपल्याची खूण, इथे म्हणे जेवणच भाताचं.

सेवकराम मोटारसायकल घेऊन स्टेशनावर हजर होता. मागे कृषी प्रदर्शनासाठी तो सोलापूरला आला तेव्हा दोन दिवस आमच्याकडे उतरला होता, तेव्हापासूनची ही दोस्ती. त्याच्या गावापर्यंत, केशोरीपर्यंत, दोन्ही अंगांना कापणी झालेल्या बांध्या (धानाची शेतं), मध्येच जंगल, मध्येच पाणी. इतकं पाणी बघून माझ्यातला सोलापूरकर हळहळला.

अंगणात सेवकरामचे वडील खाटेवर बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किती दिस राहाल जी?"

"दोन दिवस."

"दोन!" म्हातारबुवांनी कपाळाला हात लावला.

इकडची माणसं तोंडावर बोलतात हे ऐकून होतो, पण पाणी द्यायच्या आधीच?

घरात मासोळीच्या रश्श्याचा असा वास सुटला होता, की पाय धुताधुताच मी मनातल्या मनात तीनदा भात वाढून घेतला. पाटावर बसलो. सेवकरामची बायको देवकाबाई ताट घेऊन आल्या. ताटात ज्वारीची भाकरी! आकार महाराष्ट्राच्या नकाशाचा, त्यातला गोंदियाकडचा भाग तव्यालाच राहिलेला.

"यायनं सांगतलं, पाहुण्याले भाकरीबिगर जमत नाही," देवकाबाई म्हणाल्या. "मंग मी आठ दिसापासून शिकून राहिली. पीठ गोंदियावरून आणलं."

सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी दोन्ही हातांनी तुकडा मोडला, चावला आणि म्हणालो, "फक्कड!" लगेच दुसरी पडली.

आता भाताचं नाव काढावं तर बाईंच्या मेहनतीवर पाणी, न काढावं तर माझा भात गेला. मी मुकाट चघळत होतो. तेवढ्यात म्हातारबुवा कडाडले, "काऊन खोटं बोलता जी? आठ दिसापासून आमी हेच बिघडलेलं खाऊन राहिलो! तुमी गेले का मंग भात भेटल मले!"

देवकाबाईंचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वहिनी, मी इथवर भात आणि मासोळी खायलाच आलोय हो."

"मंग हे कायले बनवली मी?" त्या नवऱ्याकडे वळल्या.

सेवकराम चाचरत म्हणाला, "यायच्या घरी दोन दिस भाकर वाढली जी मले. भात चमचाभर. मले वाटलं, या लोकायले भात पचतच नसल."

यावर देवकाबाई आधी हसल्या, मग आम्ही सगळेच. त्यांनी लगेच चुलीवर भात टाकला आणि शिजल्यावर त्याचा गंज (पातेलं) आणला, पण माझ्यापासून हातभर लांब ठेवला. "आधी हातातली भाकर संपवा. मंग भात."

संपवली. मग वाफाळता भात, त्यावर मासोळीचा झणझणीत रस्सा. मी चारदा घेतला, म्हातारबुवांनी पाचदा. हात धुताना ते मला म्हणाले, "काऊन जी, दोनच दिस कायले? आठ दिस राहा ना!"

घरी परतल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने परात माझ्यापुढे सरकवली. "थाप एक."

पन्नाशी उलटली, रोज दोन वेळा भाकरी खाल्ली, पण ती थापायला काय लागतं हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. माझी भाकरी तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. त्यांचा फोटो मी केशोरीला पाठवला.

थोड्या वेळाने देवकाबाईंच्या आवाजातला निरोप आला. आधी बराच वेळ नुसतं हसणं, मग एकच वाक्य: "माझी याच्याहून लय बरी होती जी!"

होतीच.