खाडा पडू नये म्हणून

शहादेव माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो एका ढगाळ सकाळी, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. दिंद्रुडच्या बाजारपेठेत माझं पशुखाद्याचं आणि कोंबड्यांच्या औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, बारावीला दोनदा आपटलेला माणूस आहे. पण गल्ल्यामागे बसलं की आपोआप डॉक्टर होतं माणूस, लोकच करतात.

"आप्पाराव, सगळे मासे वर आलेत. तोंडं वासून राह्यलेत. काहीतरी द्या."

ढगाळ हवेत तळ्यातल्या पाण्याला हवा कमी पडते आणि मोटर लावून पाणी उसळवलं तरी मासे वाचतात, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी फळीवरून लाल कोंबड्याचं चित्र असलेली पुडी काढली. जंतू मारायचं औषध. "पेंडीत कालवून टाक," म्हटलं, "कोंबडीला चालतं, तर माशाला काय धाड भरलीय?" दुपारी ऊन पडलं आणि मासे खाली गेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण गुण पुडीच्या नावावर जमा झाला. मीही तो खुशाल घेतला.

शहादेवने बावीस हंगाम ऊस तोडला होता. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातला दुसरा अर्धा म्हणजे त्याची बायको सरूबाई. कामाचा दिवस बुडाला की त्याला खाडा म्हणतात, आणि खाडा कोणाला परवडत नाही. म्हणून मुकादमाच्या पिशवीत गोळ्या असत. अंग दुखो, ताप येवो, पोट बिघडो, तीच रंगीत गोळी. पुढे पुढे तर काही दुखायच्या आधीच ती घ्यायची रीत पडली. बावीस वर्षं या माणसाने आजारी पडण्याची वाट न पाहता औषध खाल्लं, आणि त्यालाच तो तब्येत सांभाळणं समजत होता. त्याला हसायचा अधिकार मला नाही.

मग शेततळं झालं. त्यात रोहू, कटला आणि पंगस सोडले, आणि सरूबाईने घरातला कोयता माळ्यावर टाकला. "आता फडात जायचं न्हाई," ती मला दुकानात येऊन सांगून गेली होती, जणू मीच मुकादम होतो. तिला एवढंच हवं होतं. तळं टिकलं की जन्माचा फड सुटला.

ते टिकावं म्हणून शहादेव दर आठवड्याला पुडी नेऊ लागला. मासे आजारी असोत नसोत.

"त्यास्नी कावून सारखं औषध?" सरूबाईने एकदा माझ्यादेखत विचारलं. "चांगले उड्या मारतेत की."

"आजारी पडल्यावर दिलं तर काय उपेग? खाडा पडतो," शहादेव म्हणाला. मी मान डोलावली. पुडीत बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद असतो. औषध बंद केल्यावर किती दिवस माल विकायचा नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. तो मी उलगडलासुद्धा नव्हता. शहादेव तर बाजाराच्या आदल्या दिवशी हटकून औषध टाकायचा, मासे तरतरीत दिसावेत म्हणून.

बाजारात विकायला सरूबाई बसायची. गलफडं उचलून लालभडक दाखवायची आणि म्हणायची, "माझा मासा खाऊन कुणाचं पोट दुखलं तर मला येऊन सांगा." तिच्या तोंडाकडे बघून लोक घ्यायचे. मीही घ्यायचो.

गेल्या श्रावणाच्या आधी पंगस साफ करताना परातीतल्या माशाचा काटा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. तिने हळद दाबली आणि पुढचा मासा घेतला. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. शहादेवने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, नेहमीच्याच. मग गावच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. सूज कोपराच्या वर गेली, तेव्हा आम्ही तिला बीडला नेलं. आम्ही म्हणजे मी आणि तो, कारण शहादेवला वाचता येत नव्हतं आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखमेतला पू तपासायला पाठवला. कागद आला तेव्हा शहादेव आत तिच्याजवळ होता. बाई मला म्हणाल्या, "हा पाण्यातला जंतू आहे. नेहमीची औषधं याला लागूच पडत नाहीत. तळ्यात काही टाकता का?" मी कागद पाहिला. लागू न पडणाऱ्या औषधांची यादी होती, आणि पहिलंच नाव माझ्या पुडीवरचं होतं. मी ते सांगितलं. बाईंनी ते टिपून घेतलं. "तळ्यातच असं झालं हे मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सारखं औषध प्यायलेल्या पाण्यात असेच जंतू उरतात. बाकीचे मरून जातात."

शहादेव बाहेर आला. "काय लिव्हलंय? वाचा की."

मी वाचून दाखवलं. पहिलं नाव गाळून.

का गाळलं, याला मी पुष्कळ कारणं शोधली. तो खचेल, ती वेळ नव्हती, वगैरे. खरं एकच, मी भ्यालो. बीडला नेल्यापासून नवव्या दिवशी सरूबाई गेली. जाण्याआधी शुद्धीवर होती तोवर ती एकच विचारत होती, "माशांना पेंड टाकली का?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला कळलं, की एक व्यापारी तळ्यातले सगळे मासे उचलायला येणार आहे. तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी शहादेवच्या बांधावर गेलो आणि सगळं सांगितलं, गाळलेल्या नावासकट. तो माझ्यावर ओरडेल, निदान शिवी घालेल असं वाटलं होतं. घातली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे मीच दिलं तिला," तो म्हणाला.

"मी दिलं, शहादेव. तू नुसतं टाकलंस." मग माझ्यातला दुकानदार बोललाच, "औषध बंद कर, महिना-दीड महिना थांब, मग माल विकता येईल."

"थांबून कुणाला खाऊ घालू?"

त्याने व्यापाऱ्याला परत पाठवलं. तळ्याशेजारी खड्डा खणला, जाळं लावून मासे काढले आणि चुना टाकून पुरले. गावाने त्याला वेड्यात काढलं. चार दिवसांत खपला असता माल, कोणाला कळलं असतं, असं लोक माझ्या दुकानात बसून बोलायचे. मी ऐकून घ्यायचो.

दिवाळीनंतर तोडीचा ट्रक बाजारपेठेत थांबला आणि शहादेव उतरून दुकानात आला. हातात माळ्यावरचा कोयता होता, घासून चकचकीत केलेला.

"एकट्याला घेतलं मुकादमानं?" मी विचारलं.

"घेतलं. अर्धा कोयता म्हणून."

मला रडू आलं, आणि ते त्याच्यासमोर आलं याची लाजही वाटली. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागच्या फळीकडे बघत होता. अक्षर येत नसलं तरी लाल कोंबडा त्याला ओळखता येत होता.

"मासे मी पुरले, आप्पाराव," तो म्हणाला. "तुमी पुड्या अजून ठिवल्यात."

ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो गेला. त्या दिवशीही आभाळ भरून आलेलं होतं. सकाळपासून मी तीन पुड्या विकल्या होत्या, आणि त्यातली एक नेणाऱ्याच्या पोटऱ्या चिखलाने माखलेल्या होत्या.