वर्षाचे किलोमीटर

विम्याचं काम करणाऱ्या बाईला लोक आपण होऊन घरचं काही सांगत नाहीत. फक्त गाडीचं मीटर दाखवतात. पण मीटर पाहिलं की प्रश्न निघतो, आणि प्रश्न निघाला की गोष्ट निघते. रायपूरच्या बूढापाऱ्यात तलावाजवळ माझं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथं फायलींपेक्षा या गोष्टीच जास्त साचल्या आहेत.

किलोमीटरवाली पॉलिसी आली तेव्हापासून तर फारच. यात वर्षभरात गाडी किती चालणार ते आधी सांगायचं. कमी सांगितलं तर हप्ता कमी. पण मर्यादा ओलांडली आणि जास्तीचे किलोमीटर वेळेवर विकत घेतले नाहीत, तर आपल्या गाडीचं नुकसान आपणच सोसायचं. मी प्रत्येकाला विचारते, गाडी किती चालते? रायपुरात उत्तर एकच मिळतं, "कुठं जातो दीदी आपण!"

०

बोकारे काका ब्राह्मणपाऱ्याचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची गाडी कायम कव्हरखाली. रविवारी देवळात आणि येताना भाजी, एवढाच तिचा प्रवास. म्हणून सगळ्यात लहान मर्यादा घेतलेली. वर्ष निम्मंही झालं नव्हतं तोच काका काकूंना घेऊन तणतणत ऑफिसात आले.

"मीटर बिघडलं आहे, लिहून घे," ते म्हणाले. "मी गाडी हलवून नाही राहिलो, अन् मर्यादा संपून राहिली."

काकू शांतपणे पदर सारखा करत होत्या. म्हणाल्या, "मीटर चांगलं आहे. तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा मी चालवते."

मग हळूहळू कळलं. भजनाला जाते सांगून काकू ड्रायव्हिंग क्लासला जात होत्या. लायसन्स काढलं होतं. आता भजनमंडळातल्या बायकांना घेऊन त्या गावभर फिरत, आणि काकांच्या चहाच्या वेळेआधी गाडीवर कव्हर घालून ठेवत.

मला वाटलं, आता ऑफिसात तमाशा होणार. काकांनी फक्त विचारलं, "रिव्हर्स येते तुले?"

"तुमच्यापेक्षा बरी येते."

काकांनी जास्तीचे किलोमीटर घेतले. जाताना किल्ली काकूंच्या हातात होती.

०

तेलीबांध्याच्या एका पोट्ट्याचा सकाळीच फोन आला. पॉलिसी संपायला थोडे दिवस होते आणि किलोमीटर त्याहून थोडे. त्याला एकच शंका होती. गाडी रिव्हर्समध्ये चालवली तर मीटर उलटं फिरतं का? मी सांगितलं, नाही, ते पुढंच जातं. फोन कानाला तसाच ठेवून तो मागे ओरडला, "रुक जाओ यार, उल्टा नहीं जाता!"

मागून बऱ्याच जणांचा निराश आवाज आला. किती वेळ मैदानात उलटे फिरत होते, कोण जाणे.

०

शरद ठेंगडी नवा रायपुरात नोकरी करतो. दुपारी घरी येताना गाय आडवी आली. तिला वाचवायला त्यानं गाडी वळवली ती दुभाजकावर गेली. गाय वाचली, तोही वाचला, पण गाडीचं पुढचं तोंड पार गेलं. विमा कंपनीच्या माणसानं मीटर पाहिलं तर मर्यादा कधीच ओलांडलेली. शरद आणि त्याची बायको मंजिरी माझ्यासमोर बसले होते, आणि क्लेम मिळणार नाही हे सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मंजिरीचा विश्वासच बसेना. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. ती म्हणाली, "मग एवढी गाडी गेली कुठं?"

शरद टेबलाकडे पाहत म्हणाला, "दुर्गला. दर शनिवारी. दादाकडे."

मी त्यांच्या घरच्यासारखी. म्हणजे नात्यातली नव्हे, पण मला माहीत होतं. घराच्या वाटणीवरून दोन्ही भावांचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती. या घरात दादाचं नाव निघत नसे. शरद ओव्हरटाइम सांगून जात होता. दादाला लकवा मारला आहे, हे त्यानं त्याच खुर्चीत बसून सांगितलं. बोलता येत नाही त्याला, म्हणाला. मी त्याची दाढी करून देतो, थोडा वेळ बसतो, अन् येतो.

मंजिरीच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. क्लेमचे कागद मी उगाच इकडचे तिकडे केले. मग तिनं विचारलं, "वहिनी एकटीच करतात का सगळं?"

शरदनं हो म्हणून मान हलवली.

पुढच्या शनिवारी गाडी गॅरेजमध्येच होती. दोघं बसनं दुर्गला गेले.

०

कमलताई आमच्याच गल्लीतल्या. मुलगी बेंगळुरूला. आता मी वरचेवर येत जाईन, असं ती म्हणाली, म्हणून ताईंनी गाडी घेतली. स्वतःला चालवता येत नाही, तर बोलावलं की येणारा ड्रायव्हरही ठरवला. वर्षानं मी मीटरचा फोटो काढायला गेले. आकडा जवळपास होता तिथंच.

"उरलेले किलोमीटर पुढच्या वर्षात जोडून देतात का गं?" ताईंनी विचारलं.

मी सांगितलं, नाही, वर्षासोबत ते संपतात. यावेळी लहान मर्यादा घ्या, असंही सुचवलं.

त्यांनी गाडीवरची धूळ हातानंच पुसली. "नको. तेवढीच राहू दे."

०

देवपुजारी सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी ते सगळ्यात लहान मर्यादा घेत, आणि तीही उरत असे. एका वर्षी आले आणि म्हणाले, सगळ्यात मोठी दे.

मी काहून विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. सध्या दिवसाउजेडी गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण काही महिन्यांनी ती सोडावी लागणार होती. आणि मग हळूहळू बाकीचंही.

"जन्मभर पोरांना नकाशावर नद्या दाखवल्या," सर म्हणाले. "मी स्वतः पाहिल्याच नाहीत. महानदी तेवढी पाहिली, तीही पुलावरून."

मुलगा चिडला होता. टॅक्सी करून देतो म्हणत होता. सरांनी ऐकलं नाही. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, शेजारी बसवून ते निघाले. उजाडल्यावर निघायचं आणि दिवस कलायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. सिहाव्याला गेले, महानदी जिथून निघते तिथं. अमरकंटकला गेले. बस्तरात इंद्रावतीच्या काठानं गेले. चित्रकोटहून सरांचा फोन आला, तेव्हा धबधब्याच्या आवाजात मला निम्मंच कळलं. "किलोमीटर संपून राहिले," ते ओरडून सांगत होते. "वाढवून दे पोरी, अजून शिवनाथ राहिली आहे."

मी वाढवून दिले. नंतर एकदा पुन्हा.

पॉलिसीचं वर्ष संपताना मी त्यांच्या घरी गेले. गाडी अंगणात उभी होती. दोन महिन्यांपासून सरांनी ती चालवली नव्हती. मुलानं ती विकायचं ठरवलं होतं, आणि घेणारा माणूस विमा चालू हवा म्हणत होता. काकूंनी सरांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. मी आत बसून मीटरचा फोटो काढला.

सर दाराला हात लावून उभे होते. म्हणाले, "आकडा वाच."

मी वाचला.

त्यांनी मान थोडी कलती केली, वर्गात उत्तर ऐकताना करत तशी.

"अजून एकदा वाच. सावकाश."