उभ्यानं दिलेली मुलाखत

मलकापूरच्या इंग्रजी शाळेत मुलीला घालायचं तर आधी आईबापाची मुलाखत, आणि तीही इंग्रजीत, असं कळलं तेव्हा आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी धाकटी जाऊ आठवीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फौजेत. त्याला रजा मिळणार नव्हती. पण मुलगी त्याच शाळेत जाईल, असं धाकटीनं मनाशी पक्कं केलं होतं. घरात बी.ए. झालेली मी एकटीच, त्यामुळं तिची तयारी माझ्या गळ्यात पडली.

मी तिला सोपी वाट दाखवली. 'आय वाँट टू' म्हणजे मला करायचंय, पुढं हवं ते काम जोडायचं. ती म्हशीपुढं उसाचं वाढं टाकताना म्हणायची, "आय वाँट टू फीड." धारेला बसली की, "आय वाँट टू मिल्क." मग मी शाळेच्या बाई व्हायची आणि विचारायची, मुलीला इथं का घालायचंय? ती शेणाचे हात पाठीमागं धरून उत्तर द्यायची. चुकली की पुन्हा, न कंटाळता. एवढी चिकाटी मी कॉलेजातसुद्धा दाखवली नव्हती. पुढं पुढं सासूबाईही "आय वाँट टू चहा" म्हणायला लागल्या आणि मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी दीर फोनवर उजळणी घ्यायचा. त्याचा सगळा भर निराळ्याच गोष्टींवर.

"सायबापुढं ताठ हुबं ऱ्हायचं. नजर समोर. उत्तर खनखनीत, शेवटी सर म्हनायचं. आनि बसा म्हनले तरी बसायचं न्हाई."

"आवं, पन तितं बाई हायत."

"सायेब त्यो सायेबच!"

मी याकडं लक्ष दिलं नाही. तिनं दिलं होतं, हे मला मुख्याध्यापिकेच्या खोलीत कळलं.

बाई बसा म्हणाल्या. दिराच्या जागी सोबत गेलेली मी बसले. धाकटी टाचा जुळवून उभी. बाईंनी पुन्हा खुर्ची दाखवली.

"नो, सर! थँक यू, सर!"

आवाज असा की बाहेरच्या शिपायानं डोकावून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा पदर ओढला, ती हलली नाही. बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं आणि मुलीला इथं का घालायचंय ते विचारलं.

"आय वाँट टू एज्युकेट माय डॉटर, सर!"

एकामागून एक उत्तरं बरोबर येत गेली आणि माझी लाज कुठल्या कुठं पळाली. मात्र आजच्यासाठी घेतलेल्या नव्या चपला तिला चावत होत्या. हळूच ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश विचारलं, "अँड यू? व्हॉट डू यू वाँट टू डू?"

तुम्हाला स्वतःला काय करायचंय, हा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता. आमची सगळी वाक्यं मुलीसाठी होती. आता शाळा गेली, असं मला वाटलं. धाकटीनं एकदा पायाकडं पाहिलं, एकदा खुर्चीकडं.

"आय वाँट टू सिट, मॅडम."

बाई मोकळेपणानं हसल्या. उठून त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली आणि मराठीत म्हणाल्या, "पाठ केलेलं मी रोज ऐकते. हे तुमचं स्वतःचं वाक्य होतं. सोमवारपासून पाठवा मुलीला."

मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. ती मात्र खुर्चीत आरामात बसून चपला काढत होती.

संध्याकाळी दिराचा फोन आला. शाळा मिळाल्याचं ऐकून त्याला आनंद झाला, पण त्याची खरी काळजी वेगळीच होती.

"बसली न्हाईस न्हवं?"

"बसले की."

"आगं, कुनाच्या हुकमानं?"

"माज्याच."