कडू दुधी

जोतीराम चौगुल्यांचा रसाशी पहिला वाद झाला तो चोथ्यावरनं. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला माणूस. लोखंडाचा कीस पडतो तोसुद्धा गोळा करून भंगारात घालायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि इथं घरात, मंगळवार पेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, बायको तानाबाई रोज सकाळी गाजर, बीट, काकडी मिक्सरला लावायची, फडक्यातनं पिळून पेलाभर पाणी काढायची आणि भाजीचा सगळा जीव बादलीत टाकायची.

"मंडईतनं पिशवी भरून मी आणायचं आणि खायचं गवळ्याच्या म्हशीनं," जोतीराम म्हणायचे. "दात पडलेत का तुझं?"

"दात हाईत. पण चावून खाल्लेलं अंगाला लागायला लई वेळ लागतो म्हणं. रस सरळ रक्तात जातो."

"कोण म्हणतंय?"

"पृथ्वीराज."

हा पृथ्वीराज म्हणजे पलीकडच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांचा नवा पुढारी. चाळिशीतला, गोरा, तरतरीत माणूस. मोबाईलचं दुकान होतं त्याचं. मधे पोट सुटलं होतं, ते म्हणे रस पिऊन उतरवलं. तेव्हापासनं त्यानं बागेत 'रसजीवन परिवार' काढला होता. चिंचेखाली टेबल, टेबलावर विकायला रसाच्या बाटल्या, मागं दोन झाडांना बांधलेला फ्लेक्स. पालकानं रक्त वाढतं, दुधीनं हृदय सुधारतं, कारल्यानं साखर पळते, असं तो हसत हसत सांगायचा आणि माणसं माना डोलवायची. गुडघे दुखतात म्हणून तानाबाई बागेत जायला लागली आणि महिन्याभरात परिवारातली झाली.

तिला गुण आला नाही असं नव्हे. उन्हाळ्यात जेवण जायचं नाही तिला, ते रसामुळं पोटात काहीतरी जायला लागलं. वजन उतरलं, चेहरा उजळला. जोतीरामांना ते दिसत होतं. त्यामुळंच एक दिवस तिनं त्यांच्यापुढंही गाजर-मोसंबीचा पेला धरला तेव्हा ते कटकट करत का होईना, प्यायले. रोज प्यायला लागले. जोतीरामांना शुगर होती. गोळी आणि भाकरीवर ती गुमान बसली होती, ती रसानं उठली. नेहमीचे डॉक्टर त्यांच्यावर उखडले.

"मोसंबी खा की. कोण नको म्हणतंय?" डॉक्टर म्हणाले. "पण पेलाभर रसाला किती मोसंबी लागतात ते बघा. तेवढी एका बैठकीला सोलून खाल का तुम्ही? चोथा असला की साखर दमानं चढते. तो चोथाच तुम्ही टाकताय, आणि साखर तेवढी पिताय."

त्या दिवशी जोतीरामांनी घरी येऊन पेला मोरीत उपडा केला आणि असे बोलले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तानाबाईनं त्यांचा रस बंद केला. स्वतःचा केला नाही. "तुमचं तुम्ही बघा. मला बरं वाटालंय," म्हणाली.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी तानाबाईनं दुधी किसला, पिळला आणि पहिला घोट घेतला. जोतीराम सोप्यात दाढी करत होते. त्यांनी आरशातनं बघितलं, तिचं तोंड कसंनुसं झालेलं.

"काय झालं?"

"कडू लागालंय."

"मग टाक की मोरीत."

तानाबाईनं टाकला नाही. कडू तेच औषध, तोंड वाकडं करायचं नाही, नाक दाबून एका दमात घ्यायचं, हे पृथ्वीराजचं रोजचं सांगणं. तिनं नाक दाबलं आणि सगळा पेला पोटात रिता केला.

जोतीरामांची दाढी उरकायच्या आत ती पोट धरून खाली बसली. मग उलट्या सुरू झाल्या. जुलाब सुरू झाले. एका उलटीत रक्त दिसलं आणि जोतीराम अर्ध्या दाढीनिशी शेजाऱ्याकडं धावले. त्याच्या मदतीनं रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिचा हात बर्फासारखा गार पडला होता.

तिथली डॉक्टरीण, संयोगिता तिचं नाव, तरुण पण घाई न करणारी होती. रक्तदाब खाली आला होता. तिनं सलाइन लावलं, नर्सला दोन-चार सूचना दिल्या आणि मग विचारलं, "काका, सकाळी काय खाल्लं होतं यांनी?"

"खाल्लं न्हाय कायबी. दुधीचा रस पिली."

"कडू होता का?"

"व्हय. तुम्हाला कसं कळलं?" जोतीराम म्हणाले.

"एखादा दुधी कडू निघतो," ती म्हणाली. "काकडीचंही तसंच. त्या कडूपणातच विष असतं. भाजी केली असती तर पहिल्याच घासाला थुंकल्या असत्या. रस मात्र माणूस औषध म्हणून गिळतो. यावर उतारा नाही. पोटाला आतनं इजा झालीय, ती भरून यायची वाट बघायची. लवकर आणलंत म्हणून बरं."

जोतीराम बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्यांनी तानाबाईच्या मोबाईलवरनं पृथ्वीराजला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडनं शांत, गोड आवाज आला.

"काका, घाबरू नका. वर्षानुवर्षांचं विष बाहेर पडतंय शरीरातनं. काहींना सुरुवातीला त्रास होतो. काकूंना म्हणावं, सोडू नका."

जोतीरामांनी फोन बंद केला. कानशिलं तापली होती.

बोलावल्याबरोबर बेंगलोरहून पोरगा सम्राट आला. आईच्या उशाशी त्याला बसवून जोतीराम दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. टेबल मांडलं होतं. लोक रांगेत होते. पृथ्वीराज कुणालातरी पेला देत होता.

"दे इकडं," जोतीराम म्हणाले.

"या काका. कशा हायत काकू?"

"रक्त ओकली ती. तुझ्या औषधानं." त्यांनी टेबलावरची बाटली उचलली आणि त्याच्यापुढं धरली. "कडू तेच औषध म्हणतोस नव्हं? कालचा उरलेला दुधी घरात हाय अजून. आणू? पितोस माझ्यासमोर?"

"काका, मी कुणाला जबरदस्ती केलेली न्हाय. ज्याचं त्यानं बघायचं असतं."

"ज्याचं त्यानं? मग हितं रोज तोंड वर करून सांगतोस ते कुणाचं बघून?"

"शांतपणानं बोला."

ह्या शब्दानं जोतीरामांचा उरलासुरला ताबा सुटला. त्यांनी टेबलाची कड धरली आणि टेबल उलथं केलं. पेले फुटले, हिरवं-लाल पाणी पायवाटेवर सांडलं. माणसं मागं सरली. कुणी म्हणालं, म्हातारं बिथरलंय. कुणी म्हणालं, बायको आजारी हाय, सोडा. वर्षाराणी नावाच्या, तानाबाईच्या बरोबरीनं फिरणाऱ्या बाईनं तेवढं हातातल्या पेल्याकडं बघितलं आणि तो हळूच झाडाच्या बुंध्याशी ओतला. रखवालदारानं जोतीरामांना दंडाला धरून फाटकाबाहेर आणून सोडलं.

घरी येऊन त्यांनी मिक्सरचं भांडं फरशीवर आपटलं. मग, राग निवायचं नाव घेईना म्हणून, मीरासाबकडं गेले.

मीरासाब कारखान्यात शेजारच्या मशीनवर राबलेला त्यांचा दोस्त. जन्मभर गालात तंबाखूचा मावा. वर्षापूर्वी कॅन्सरपायी जबड्याचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक घ्यावे लागले, आणि आता तोंड बोटभरही उघडत नव्हतं. बोललेलं फक्त त्याच्या बायकोला, अमीरबीला कळायचं. जोतीराम आठवड्यातनं एकदा तरी जायचेच. त्या दिवशी ते पोचले तर अमीरबी नळी घातलेला पेला घेऊन नवऱ्यापाशी बसली होती. पेल्यात पपईचा दाट रस होता.

"फेका ते, भाबी," जोतीराम दारातनंच म्हणाले. "विष हाय ते."

त्यांनी पुढं होऊन पेल्यावर हात धरला. पेला हिंदकळला आणि रस मीरासाबच्या सदऱ्यावर सांडला.

अमीरबीनं पेला खाली ठेवला. पदरानं नवऱ्याची छाती पुसली. मग वर बघितलं.

"मग काय देऊ, भाऊ? भाकरी देऊ?"

जोतीराम दोन पावलं मागं सरले.

"कोंबडीचं पानी देतो, त्यात अंडं फेटून घालतो. डाळीचं पानी, दूध, नाचणीची पातळ आंबील. आनि हे. नुसत्या रसावर मानूस जगत न्हाय, ते मला दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. पन फळाची चव ह्यांना दुसऱ्या कशानं मिळणार? घरच्याला चावता येत नसलं की कळतं, रस काय असतो ते. तुमच्या घरात काय झालंय मला म्हाईत न्हाय. पन माझ्या नवऱ्याच्या तोंडचं का सांडालाईसा?"

मीरासाबनं हात वर केला. बायकोला गप्प बस अशी खूण केली आणि जोतीरामांना बाजेवर जागा दाखवली. जोतीराम बसले. झालेलं सगळं सांगितलं. मीरासाबनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" जोतीरामांनी विचारलं.

"म्हणालेत, मावा खाताना कडू लागत नव्हता, जोत्या," अमीरबी म्हणाली.

जोतीरामांना हसूही येईना आणि रडूही येईना. ते उठले, मंडईत गेले, पिकलेली पपई घेऊन आले आणि अमीरबीच्या हाताखाली बसून रसासाठी फोडी केल्या. पहिली फोड आधी स्वतः खाऊन बघितली.

तानाबाई घरी आली ती निम्मी होऊन. पातळ पेज आणि ताक एवढंच चालत होतं. सम्राट परत गेला आणि घरात दोघंच उरली. जोतीरामांनी पेज करायची शिकून घेतली, पण तोंड काही बंद ठेवलं नाही. पेज ढवळत ते बोलायचे. मी टाक म्हटलं होतं. माझं ऐकत न्हाईस. त्या भामट्याचं ऐकतीस. शिकलेल्या माणसांनी अक्कल गहाण टाकली तर टाकली, तू का टाकलीस?

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी तानाबाईनं वाटी बाजूला सारली.

"एक सांगू का तुम्हाला? मी रसासाठी जात नव्हतो."

"मग?"

"तिथं मला नावानं हाक मारायचे. तानाबाई, गुडघा कसा हाय, रात्री झोप लागली का, असं विचारायचे. तुम्ही रिटायर झालासा तवापासनं ह्या घरात नुसता आवाज हाय. एकदा तरी विचारलंयसा, तुझा गुडघा कसा हाय म्हणून? आनि आता बी मी मरता मरता वाचलो, तर तुमचा राग त्या पृथ्वीराजवर. मला काय झालं हे कुठं हाय त्यात?"

जोतीरामांनी चमचा पातेल्यात टाकला. त्यांना राग आला, चांगलाच आला. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. ते उठून परसात गेले, नळ उगीच सोडला, बंद केला आणि परत आले.

"गुडघा कसा हाय?" त्यांनी दारातनंच विचारलं, भांडल्यासारखं.

"दुखतोय," तानाबाई म्हणाली आणि वाटी परत पुढं ओढली.

ती हिंडू-फिरू लागल्यावर जोतीराम तिच्याबरोबर बागेत जाऊ लागले. रसाच्या टेबलापासनं थोडं लांब उभं राहायचं आणि नवा कोण आला की त्याला थांबवून सांगायचं, पावणं, कडू लागला तर पिऊ नका, माझी बायको मरता मरता वाचलीय. गिऱ्हाईक बुजायला लागलं. तेव्हा पृथ्वीराज घरी आला. हातात फळांची करंडी होती.

"काकू, झालं गेलं सोडा. काकांना जरा सांगा. परिवाराचं नाव खराब होतंय."

जोतीराम उठायला लागले. तानाबाईनं हातानं त्यांना बसवलं.

"मी दवाखान्यात होतो तवा आलतास का बघायला?"

"दुकानात माणूस नव्हता, काकू."

"बरं. मग एक कर. त्या फ्लेक्सवर एक ओळ लिव्ह. कडू दुधीचा रस पिऊ नये, फेकून द्यावा. आनि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, शुगर असणाऱ्यांनी, मुतखडा असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पिऊ नये."

"असं लिहिलं तर लोक घाबरतील."

"घाबरू देत. मी घाबरलो नसतो का? घाबरलो असतो तर बरं झालं असतं."

"काकू, चांगलं पण झालंय की लोकांचं. तुमचंच वजन उतरलं."

"उतरलं की. मी कुठं न्हाय म्हणतोय? चांगलं झालं ते सांगतोस, वाईट झालं ते का झाकतोस? करंडी घेऊन जा तुझी."

पृथ्वीराज करंडी न घेताच गेला. जोतीरामांनी ती उचलून त्याच्या मागं जायची तयारी केली, तर तानाबाई म्हणाली, "ठेवा. अमीरबीला देऊन या."

दुसऱ्या दिवशी तानाबाई स्वतः टेबलापाशी गेली आणि आपल्यावर काय गुदरलं ते परिवारातल्या सगळ्यांना सांगितलं. जोतीराम ओरडत होते तेव्हा ही जुनी माणसं मान फिरवून निघून जायची. ही त्यांच्यातलीच होती, म्हणून थांबून ऐकलं. काहीजणी परत टेबलाकडं फिरकल्या नाहीत. काहीजण पीतच राहिले, पण आधी जिभेवर थेंब ठेवून बघायला लागले. दिवाळीच्या सुमाराला फ्लेक्सच्या अगदी खालच्या कोपऱ्यात ती ओळ आली. अक्षर इतकं बारीक, की वाकल्याशिवाय वाचता येऊ नये.

"बघ, माणूस मेला तरी वाचणार न्हाय असं लिव्हलंय," जोतीराम म्हणाले. तानाबाई वर्षाराणीबरोबर फिरायला पुढं गेली होती, तिनं ऐकलं नाही. मग ते तसेच फ्लेक्ससमोर उभे राहिले, आणि रांगेत नवीन आलेल्या एका माणसाला दंडाला धरून खाली वाकवलं, वाच म्हणून.